चौदाव्या शेताचं पाणी

गिरणीवाला आमच्या दारात आला तेव्हा त्याच्या हातात टोमॅटोचं एक मेलेलं रोप होतं. चपला न काढताच तो ओसरीवर चढला आणि ते रोप त्यानं मामंजींच्या पायांपाशी टाकलं. मामंजी म्हणजे माझे सासरे. खुर्चीत बसून सकाळची गोळी घेत होते. उजवा हात नेहमीसारखा थरथरत होता, म्हणून पाण्याचा पेला मी धरला होता.

"काका, असली चार हजार रोपं माना टाकून पडलीत," तो म्हणाला. "माझ्या शेताला या पाळीत पाणी का आलं नाही?"

मामंजी रोपाकडे बघत राहिले. हल्ली त्यांना उत्तर द्यायला वेळ लागायचा. प्रश्न विचारून आपण एखादं पातेलं घासून यावं, मग उत्तर यावं, अशी तऱ्हा. गिरणीवाल्याला तेवढा धीर कुठला!

"बोला ना. का तोंड नाही बोलायला? लेकीच्या शेताला दोनदा पाणी पाजलंत. अजून चिखल आहे तिथं, पाय रुततात."

"घरात येऊन असं बोलायचं काम नाही," मी म्हणाले. "आणि आधी चपला खाली काढा."

त्यानं चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि चपला काढण्याऐवजी तो स्वतःच खाली उतरला. "रविवारी बैठक लावतोय," जाता जाता म्हणाला. "चाळीस वर्षं तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा. आता बस झालं."

तो फाटकाबाहेर गेला आणि मग मामंजींचं उत्तर आलं. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "मी कुणालाही जास्तीचं पाणी दिलेलं नाही," ते म्हणाले.

मामंजी पाटकरी. मोठ्या कालव्यातून आमच्या शिवारात जी चारी येते तिच्यावर बत्तीस शेतं आहेत, आणि त्या शेतांना पाणी सोडणं हे त्यांचं काम. चौदा दिवसांतून चार दिवस पाणी, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, एका शेताला दीड तास, दिवसाला आठ शेतं. सुरुवात मात्र शेपटाकडून. चारीच्या शेवटच्या शेताला आधी आणि तोंडाजवळच्याला सगळ्यांत शेवटी. मामंजींच्या आधी तोंडाजवळचे पोटभर प्यायचे आणि शेपटाकडचे आभाळाकडे बघत बसायचे. मामंजींनी ते उलटं केलं. त्यापायी तरुणपणी एकदा डोकं फोडून घेतलं होतं. कपाळावर खूण आहे, आणि कुणी विचारलं तर ते ती बोटानं दाखवून सांगतात.

घड्याळ मनगटावर, फावडं खांद्यावर आणि बत्तीस शेतं तोंडपाठ. कागद नाही की वही नाही. चारीच्या कडेनं चालताना पुटपुटत जायचे: शेपटाचं, दगडी बांधाचं, वाकडं, दोघा भावांचं... पुढचं शेत मागच्याचा पदर धरून यायचं. शेपटाचं पहिलं शेत त्यांच्या लेकीचं, म्हणजे माझ्या वन्संचं. लेक दिली गावातल्या गावात आणि शेत निघालं नेमकं पहिल्या पाळीचं, त्यावरून चेष्टा खूप व्हायची. मामंजी उलट वन्संच्या शेताच्या तोंडाची फळी एक मिनिट आधी टाकून पाणी बंद करायचे. "माझी लेक आहे, एक मिनिट कमी प्यायली तर मरत नाही," म्हणायचे. हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून तर गिरणीवाल्याचं बोलणं आम्हाला जास्त झोंबलं.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन म्हटलं, गावानं कंपवात म्हटलं. पावलं आखूड झाली, आवाज बारीक झाला, चेहरा हलेनासा झाला. ते हसले तरी घरच्यांनाच कळायचं. माझ्या नवऱ्यानं चारीच्या प्रत्येक फळीला दोरीचं कडं बांधून दिलं, म्हणजे डाव्या हातानं ओढता येईल. बरोबर कुणाला नेणं मात्र मामंजींना पसंत नव्हतं. "पाटकऱ्याच्या मागं पाटकरी कशाला?" पाणी वेळेवर येत होतं, त्यामुळे गावही थरथरीला काही म्हणत नव्हतं.

पण गेलं वर्षभर मी दुसरंही काही बघत होते. जेवताना काही विचारलं तर घास हातातच राहायचा. बोलणं संपलं की मगच तोंडात जायचा. बनियन आधी की शर्ट आधी, यावर खाटेवर बसून विचार चालायचा. गाईला पाणी पाजायला निघायचे आणि बादली धरून गोठ्याच्या दारात उभे. "मामंजी, काय हवंय?" विचारलं की "काही नाही, जरा थांबलोय." एकदा म्हणाले, "पाटात मांजर बसलंय." पाट कोरडा ठणठणीत होता आणि मांजर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र तेच मामंजी कुठल्या साली कालवा कुठं फुटला होता ते तारखेसकट सांगायचे. मग वाटायचं, मलाच भास होतायत.

माझा नवरा वायरमन. दिवसभर खांबावर. त्याला सांगितलं तर म्हणायचा, "वय झालंय." हे वाक्य फार सोयीचं. एकदा म्हटलं की पुढं काही करावं लागत नाही.

गिरणीवाला आला त्या दिवशी नवरा जेवायला घरी आला तेव्हा गावभर झालेलं होतं. त्यानं हातही धुतले नाहीत.

"बाबा, खरं सांगा. ताईच्या शेतात दुसऱ्यांदा पाणी सोडलंत का?"

"नाही."

"मग चिखल कुठून आला? मी बघून आलोय. ताईचं, दगडी बांधाचं, वाकडं, तिन्ही शेतं ओली आहेत. आणि गिरणीवाल्याचं चौदावं, पुढचं पंधरावं, सोळावं कोरडं."

मामंजी बघत राहिले. डोळ्यांत राग होता, चेहऱ्यावर नव्हता. चेहऱ्याला आता तेवढंही जमत नाही. नवऱ्याला वाटलं, बाबा उडवून लावतायत. तो ताट सरकवून उठला.

मी त्याच्या मागं विहिरीपर्यंत गेले. "अहो, उद्या मी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेते."

"रविवारी बैठक आहे आणि तुला डॉक्टर सुचतोय?"

"बैठक आहे म्हणूनच सुचतोय. चौदा, पंधरा, सोळा कोरडं आणि एक, दोन, तीन ओलं. लबाडी करणारा माणूस शेजारच्या दोघांना कशाला पाणी पाजेल? फक्त लेकीलाच पाजेल ना?"

तो हात धुता धुता थांबला. एवढं त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोठा आवरला, गवताचा भारा कापून टाकला, धार काढली आणि आठच्या बसला आम्ही दोघं उभे राहिलो. बसच्या पायरीपाशी मामंजींचे पाय जमिनीला चिकटले. अरुंद दार दिसलं की असं होतं. मागून लोक ओरडायला लागले, "आजोबा, चढा की! झोप लागली काय?" एकानं पाठीला हात लावला. मामंजींची मान लाल झाली. मी माझा पाय त्यांच्या पावलांपुढं आडवा ठेवला. पाय आडवा दिसला की ते ओलांडतात, ही युक्ती मला घरातल्या उंबऱ्यानं शिकवली. त्यांनी पाय ओलांडला आणि चढले. ढकलणाऱ्याकडे वळून मी म्हणाले, "तुमच्या घरी कुणी म्हातारं होत नाही वाटतं." तो पुढच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेरच बघत होता.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मामंजींना कागद दिला आणि म्हणाल्या, "गोल काढा, घड्याळाचे आकडे घाला, आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

चाळीस वर्षं घड्याळावर पाणी वाटलेला माणूस. त्यांनी बटणाएवढा गोल काढला. आकडे एका कडेला गर्दी करून बसले आणि नवाच्या पुढं जागाच उरली नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "आमच्या घड्याळात काटे आयतेच असतात," म्हणाले. डॉक्टरबाई हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा अपमान आणि तोही इतक्या प्रेमानं केलेला, मला सहन होईना.

मग एक-क, दोन-ख, तीन-ग असं एकाआड एक म्हणायला सांगितलं. मामंजी "एक, क, दोन" म्हणाले आणि पुढं "तीन, चार, पाच" असे सरळ चालत गेले. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले होते, तेही आठवेनात. पण बाई म्हणाल्या, "त्यात एक फळ होतं," तर पटकन म्हणाले, "संत्रं." "एक हत्यार होतं." "कुदळ." पाचच्या पाच निघाले.

"बघा," डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "पुसलं काही गेलेलं नाही. डब्यात आहे, झाकण उघडायला वेळ लागतोय. हात जिथून थरथरतो तिथूनच हेही येतं. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण वय वाढलं, आजार जुना झाला की पुष्कळांना होतं. क्रम लावणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे जाणं आणि परत पहिल्यावर येणं, दोन कामं एकदम करणं, हे अवघड जातं. एखादा दिवस चांगला जातो, एखादा वाईट. त्यामुळे घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतायत."

"मला वाटलं नव्हतं," मी म्हणाले. नवऱ्याचं नाव घेतलं नाही.

"नसलेलं काही दिसतं का?"

मी खाली बघितलं. मामंजी म्हणाले, "मांजर दिसतं. करडं. ते नाही हे मला ठाऊक आहे. ते मला त्रास देत नाही, मी त्याला हाकलत नाही."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. गोळ्यांच्या वेळा बदलल्या, आणि मांजर वाढलं तर लगेच या, स्वतःहून गोळी कमी-जास्त करू नका, असं बजावलं. बरं होईल असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

विचारलं ते मामंजींनी. "मी पाटकरी आहे. काम सोडू?"

"सोडू नका. एकट्यानं करू नका. तुम्ही कामात असताना कुणी तुमच्याशी बोलू नये. काही विचारलं तर उत्तराला वेळ द्यावा. आणि चुकलं तर तिथल्या तिथं सांगावं."

शेवटचं वाक्य ऐकून मामंजींनी माझ्याकडे बघितलं नाही.

परतीच्या बसनं अर्धा रस्ता कापला. मग मामंजी एकदम म्हणाले, "गिरणीवाला आला होता."

"काल आला होता, मामंजी."

"काल नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या पाळीत. दीड वाजला होता, तेरावं झालं होतं. मी तेराव्याची फळी टाकली. तो मोटरसायकलवरून आला. म्हणाला, गिरणीचा फ्यूज उडतोय, वायरमनला कधी पाठवता? मी विचार केला. तुझ्या नवऱ्याला कुठल्या दिवशी वेळ असेल. बुधवारी, म्हणालो. तो गेला." ते थांबले. बाहेर दोन गावं मागं गेली. मी थांबले. "मग मला कळेना मी कुठं होतो. म्हणून पहिल्यापासून म्हणायला लागलो. शेपटाचं. आणि पाय शेपटाकडे गेले."

म्हणजे ज्याची रोपं मेली त्यानंच मधे बोलून स्वतःचं पाणी तोडलं होतं. तिसऱ्या दिवशी सतराव्यापासून सुरुवात करायची हे मामंजींच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे ती तीन शेतं मधल्या मधे कोरडी राहिली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. मला इतकं हलकं वाटलं की भर बसमध्ये मी त्यांचा हात धरला. हात माझ्या मुठीत थरथरत राहिला.

घरी नवऱ्यानं डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. वाचून झाल्यावर बराच वेळ त्याला बापाकडे बघवेना. "संपलं मग," तो म्हणाला. "रविवारी हा कागद सगळ्यांपुढं ठेवायचा. आजार आहे, लबाडी नाही."

"कागद कुणाला दाखवायचा नाही," मामंजी म्हणाले.

"बाबा, लोक तुम्हाला लबाड म्हणतायत!"

"म्हणू देत. लबाड माणसाला निदान डोकं असतं."

"आणि ताईचं काय, बाबा?"

"कागद दाखवलास तर मी बैठकीला येणार नाही, आणि या घरात जेवणार नाही." ते उठले आणि भिंत धरत गोठ्याकडे गेले. त्यांच्या ताठ्याचा मला राग आला आणि त्याच ताठ्याचं कौतुकही वाटलं. या घरात मी अकरा वर्षं आहे. मामंजींना 'तुमचं चुकलं' म्हणालेलं माणूस मी बघितलेलं नाही. तशी वेळच कधी आली नव्हती.

शनिवारी दुपारी वन्सं आल्या. शेतातून तशाच आल्या होत्या, पायाला चिखल वाळलेला. मामंजींसमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मी पुढची पाळी घेणार नाही. माझं पाणी गिरणीवाल्याला द्या. म्हणजे विषय मिटेल."

"तुझं पीक?"

"जाईल."

"पाणी सोडलंस तर चोरी कबूल केल्यासारखं होईल."

वन्सं रडायला लागल्या. रडताना माणूस बोलायचं ते बोलून टाकतो. "मी तेव्हा तिथंच होते, बाबा. बांधावर गवत काढत होते. तुम्ही दुसऱ्यांदा आलात आणि माझी फळी ओढलीत. मला कळलं काहीतरी चुकतंय. तोंडापर्यंत आलं होतं. पण तुम्हाला कसं सांगायचं? तुम्हाला कुणी कधी सांगितलंय? मी गप्प बसले आणि पाणी शेतात जाताना बघत राहिले."

मी चहाचं आधण ठेवायला उठले होते ती दारातच थांबले. मामंजी लेकीकडे बघत होते. मनगटापासून कोपरापर्यंत हात जोरात हलायला लागला होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"तू बघत होतीस," ते म्हणाले.

"हो."

"आणि घाबरलीस. मला."

वन्संनी मान हलवली.

बैठक पाणी संस्थेच्या खोलीत होती. पत्र्याचं छप्पर, सकाळी नऊलाच तापलेलं. मास्तर अध्यक्ष. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण अजून लोक त्यांच्यासमोर हात वर करूनच बोलतात. गिरणीवाला मात्र हात वर न करता बोलला, आणि तेच तेच तीनदा बोलला. चाळीस वर्षांचा विश्वास, लेकीची माया, मेलेली रोपं. दगडी बांधाच्या आणि वाकड्या शेताचे मालक खोलीत होते. फुकट मिळालेल्या पाण्याबद्दल ते चकार शब्द काढेनात. मग वन्सं उठल्या. "मी पुढची पाळी..."

"खाली बस," मामंजी म्हणाले.

ते उभे राहिले. खुर्चीतून उठायला तीन झटके लागले. नवरा पुढं सरकला, मी त्याचा सदरा मागून ओढला.

"बत्तीस शेतं म्हणतो," मामंजी म्हणाले. "ऐका."

आणि त्यांनी म्हटली. शेपटाचं, दगडी बांधाचं, वाकडं, दोघा भावांचं. आवाज बारीक, त्यामुळे मागचे लोक पुढं सरकले. पत्रा तडतडत होता, तेवढाच आवाज. ते घाई करत नव्हते. वीस झाली, पंचवीस झाली. बत्तिसावं, "तोंडाचं," म्हणून ते थांबले. एकही चुकलं नव्हतं. एक म्हातारा आपल्या शेताचं नाव आलं तेव्हा नकळत "हजर" म्हणाला होता. माझी मान अशी ताठ झाली की दुखायला लागली.

"आता पुन्हा म्हणतो. तेराव्याला आलो की," त्यांनी गिरणीवाल्याकडे बोट केलं, ते बोट हवेत हललं, "तू मला तेच विचार, जे त्या दिवशी विचारलं होतंस."

"मी काय विचारलं होतं?"

"फ्यूज."

गिरणीवाल्याचा चेहरा उतरला. त्याला आठवलं होतं.

मामंजींनी सुरुवात केली. नऊ, दहा, अकरा, बारा. तेरावं म्हणजे "खडकाळ." ते थांबले.

"विचार."

"राहू द्या, काका."

"विचार म्हणतो ना."

"काका... फ्यूज बदलायला वायरमनला कधी पाठवता?"

मामंजींनी विचार केला. खरंच केला, नाटक नव्हतं. "बुधवारी," म्हणाले. मग ओठ हलायला लागले, शब्द येईना. सगळे बघत होते. ज्या माणसापुढं आख्खं गाव सरळ उभं राहायचं तो तिथं तोंड उघडं ठेवून उभा होता, आणि आपण होऊन उभा होता. मला त्यांच्यापुढं जाऊन लोकांची नजर अडवावीशी वाटली. शेवटी ते म्हणाले, "शेपटाचं. दगडी बांधाचं. वाकडं." आणि वन्संचा हुंदका ऐकून थांबले.

"बघितलंत?" ते म्हणाले. "कंपवात हातातून डोक्यात चढलाय. डॉक्टरांचा कागद आहे, सुनेकडे, ज्याला बघायचाय त्यानं बघावा. गिरणीवाल्याचं, त्याच्या पुढच्या दोघांचं नुकसान मी केलं. लेकीचा यात दोष नाही. त्या दिवशी तिनं मला बघितलं. आणखी दोघांनी बघितलं." दगडी बांधाचा आणि वाकड्याचा, दोघेही मालक जमिनीकडे बघायला लागले. "पाटकरी, चुकलात, असं कुणी म्हणालं नाही. कारण चाळीस वर्षांत मी कुणाला ते म्हणू दिलं नाही. हा दोष आजाराचा नाही. हा माझा."

ते बसले. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. गिरणीवाला पुढं आला आणि मामंजींच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

निवाडा सोपा झाला. शेपटाच्या तिघांनी पुढच्या पाळीतला अर्धा वेळ कोरड्या राहिलेल्या तिघांना द्यायचा. वन्सं आनंदानं हो म्हणाल्या, दुसरे दोघे लाजेनं. राहता राहिला पाटकरी.

"मी सोडणार नाही," मामंजी म्हणाले. "सून बरोबर येईल. चारीवर मी असताना माझ्याशी कुणी बोलायचं नाही. फ्यूज उडो नाहीतर गिरणी जळो."

लोक हसले. गिरणीवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. कुणीतरी मागून पुटपुटलं, "बाईमाणूस पाण्याची दारं धरणार?" मी मागं वळले. "घरातल्या गाईपासून वायरमनपर्यंत सगळं धरते, चारी काय जड आहे?" पुन्हा कुणी काही म्हणालं नाही.

चार दिवसांनी पाळी लागली. सकाळी सहाला आम्ही शेपटाला उभे होतो, मामंजी पुढं, मी फावडं घेऊन मागं. फळी मी उचलायची, कुठली उचलायची ते त्यांनी सांगायचं. अर्ध्या पाळीची वाटणी झाल्यामुळे सहा शेतांच्या वेळा बदललेल्या, त्या मात्र मी लक्षात ठेवायच्या. चालताना वाटेत माणसं भेटत होती. एरवी 'राम राम' म्हटल्याशिवाय पुढं न जाणारी माणसं बांधावर बाजूला होऊन गप्प उभी राहायची, हात जोडून नाही की मान झुकवून नाही, नुसती गप्प. एक बाई लेकराला ओरडत होती, आम्हाला बघून तिनं पुढची शिवी गिळली.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी ऊन भाजत होतं. चारीवरच्या अरुंद फळकुटावर त्यांचे पाय दोनदा अडले, दोनदा मी माझा पाय आडवा ठेवला. तेरावं झालं. मी खडकाळाची फळी टाकली. चौदाव्याच्या बांधावर गिरणीवाला बसला होता. उरल्यासुरल्या रोपांची त्यानं नवी लागवड केली होती आणि पाण्याची वाट बघत होता. आजूबाजूच्या शेतातले चार-सहा जणही कामं सोडून आले होते. भर दुपार झाली होती.

मामंजी पुटपुटले. चालायला लागले. गिरणीवाल्याच्या फळीपाशी आले आणि तिथून तसेच पुढं गेले, पंधराव्याकडे.

गिरणीवाला अर्धवट उठला. तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बोलायचं नाही असं ठरलेलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं. मामंजी पंधराव्याच्या फळीपाशी थांबून कड्याकडे बोट दाखवत होते. "ही उचल."

अकरा वर्षांत मी त्यांच्यापुढं आवाज चढवलेला नव्हता. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी थोडी थांबले, त्यांचं त्यांना सापडेल म्हणून. सापडलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "उचल की."

"मामंजी, चुकलं," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मधलं राहिलं. हे पंधरावं आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. चेहरा हलत नव्हता, त्यामुळे आत काय चाललंय ते कुणालाच कळेना. गिरणीवाल्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता तो त्यानं पुसला नाही. मला वाटलं, आता घरी जाऊन हे जेवणार नाहीत. मामंजी वळले. लहान लहान पावलं टाकत मागं आले, चौदाव्याच्या फळीवर हात ठेवला.

मग ते बांधावरच्या माणसांकडे वळले आणि त्यांना जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ऐकलंत? चुकलं तर चारचौघांत तोंडावर सांगते. माझी सून आहे ही."

मी कडं धरलं, फळी ओढली, आणि पाणी गिरणीवाल्याच्या शेतात शिरलं.